पियूषिका, बाजरी आणि एक छोटी गोळी

संप्रेरकांचा धडा शिकवायचा म्हटला की आपल्यासमोर एक तक्ता येतो. डावीकडे ग्रंथीचे नाव, मध्ये संप्रेरक, उजवीकडे कार्य. पियूषिका ग्रंथीच्या रांगेत वाढीचे संप्रेरक असते, अवटू ग्रंथीला चालना देणारे असते आणि खाली कुठेतरी प्रोलॅक्टिन असते. त्याच्यासमोर लिहिलेले असते, ‘प्रसूतीनंतर दूधनिर्मितीस चालना देते’. परीक्षेत ‘जोड्या लावा’ या प्रश्नाला ही ओळ हमखास उपयोगी पडते. परीक्षेबाहेर तिचा किती उपयोग होतो, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

तपासणीसाठी एक नेहमीची परिस्थिती घेऊ. साताऱ्यातली किंवा सांगलीतली पंचविशीची एक स्त्री. पाळी सहा महिने आलेली नाही, दिवसही गेलेले नाहीत. मूल नाही म्हणून सासरी कुजबूज सुरू झालेली आहे. कधीकधी स्तनांतून दुधासारखा स्राव येतो आणि त्याची भीती वाटते, पण सांगायचे कोणाला? अखेर डॉक्टर रक्त तपासतात. प्रोलॅक्टिन वाढलेले निघते. ब्रोमोक्रिप्टिन किंवा कॅबर्गोलिन या नावाची छोटी गोळी सुरू होते. ती, तिचा नवरा आणि तिची शाळेत शिकणारी धाकटी बहीण आता तीन ठिकाणी स्पष्टीकरण शोधतात. बहिणीचे पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्रातले आरोग्याचे सदर आणि औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी.

या तीन लिखाणांचे परीक्षण मला करायचे आहे. कसोटी एकच. ते वाचून गोळी का लागू पडते हे समजते का, आणि ती कधी धोक्याची ठरेल हे ओळखता येते का? माझे काम प्रयोगशाळेतले आहे, मी रुग्ण तपासत नाही. तेव्हा कोणी किती गोळ्या घ्याव्यात हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण विज्ञान कसे सांगितले जाते, यावर बोलण्याचा अधिकार आपणा सर्वांचा आहे.

तक्त्यातली ओळ

पाठ्यपुस्तकातली ओळ खोटी नाही. प्रोलॅक्टिन दूधनिर्मितीला चालना देतेच. १९२८ साली स्ट्रिकर आणि ग्रूटर या संशोधकांना असे दिसले की पियूषिकेचा अर्क टोचला की सशाच्या मादीला दूध येते. पुढे काही वर्षांनी ऑस्कर रिडल यांनी कबुतरांवर काम करून या द्रव्याला प्रोलॅक्टिन हे नाव दिले. अडचण आहे ती या ओळीत काय गाळले आहे, याची.

पियूषिकेला आपण ‘प्रमुख ग्रंथी’ म्हणतो. या विशेषणामुळे मुलांच्या डोळ्यांसमोर एक साहेब उभा राहतो, जो वरून हुकूम सोडतो. प्रत्यक्षात हा साहेब स्वतःच दुसऱ्याच्या हुकमात असतो. त्याच्या वर हायपोथॅलॅमस, म्हणजे पुस्तकातले अधश्चेतक, बसलेले असते. तिथून एका देठातल्या रक्तवाहिन्यांमार्फत रासायनिक निरोप येतात आणि त्याप्रमाणे पियूषिका काम करते. पियूषिकेची बहुतेक संप्रेरके ‘चल, सोड’ असा निरोप आला की सुटतात. प्रोलॅक्टिनचे मात्र उलटे आहे. त्याला मुख्यतः ‘थांब’ हा निरोप येत असतो. निरोप बंद पडला की ते सुटू लागते.

उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना हे समजावणे अवघड नाही. इतर संप्रेरके म्हणजे विहिरीचे पाणी. मोटार सुरू केल्याशिवाय येत नाही. प्रोलॅक्टिन म्हणजे पाटाचे पाणी. दार लावून ठेवले नाही तर ते आपोआप वाहणारच. हे दार लावून धरणारा पाटकरी म्हणजे डोपामीन.

१९५४ साली एव्हरेट यांनी उंदरांवर केलेला प्रयोग हे फार सुंदर दाखवतो. त्यांनी पियूषिका तिच्या जागेवरून काढून त्याच प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली बसवली. हायपोथॅलॅमसशी संबंध तुटला. ग्रंथी मरगळेल अशी आपली अपेक्षा. पण प्रोलॅक्टिनचे काम तिथे चालूच राहिले. पाटकरी दूर गेला आणि पाणी वाहत राहिले. हा प्रयोग दहा ओळींत सांगता येतो. तो तक्त्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहतो, आणि ‘प्रमुख ग्रंथी’ या शब्दाचा फोलपणाही त्यातून कळतो.

पाटकरी कळला की बाकीचे दुवे जुळतात. बाळ दूध ओढू लागले की चेतातंतूंमार्फत वर्दी जाते, डोपामीन कमी होते आणि दार उघडते. वाढलेले प्रोलॅक्टिन हायपोथॅलॅमसमधून बीजांडाकडे जाणारी साखळी मंदावते. म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी लांबते. घराघरांत ठाऊक असलेली ही गोष्ट आपण धड्याशी कधी जोडत नाही. बाळंतपण नसताना प्रोलॅक्टिन वाढले तरी शरीर तसेच वागते. पाळी थांबते, बीज सुटत नाही, गर्भ राहत नाही. पुरुषांतही हा विकार होतो. कामेच्छा कमी होते, शुक्रजंतूंवर परिणाम होतो. तक्त्यात प्रोलॅक्टिनसमोर ‘दूध’ एवढेच लिहिल्यामुळे पुरुषाच्या रक्तातही प्रोलॅक्टिन असते, हे कित्येक पदवीधरांना ठाऊक नसते. मूल न होण्याचा दोष आपल्याकडे विचार न करता बाईच्या माथी मारतात. अशा ठिकाणी तक्त्यातली एक अपुरी ओळ निरुपद्रवी राहत नाही.

आणि गोळी काय करते, हेही आता एका वाक्यात सांगता येते. ती पाटकऱ्याची जागा घेते. प्रोलॅक्टिन तयार करणाऱ्या पेशींवर डोपामीनसाठी जे ग्राही असतात, त्यांवर ही गोळी बसते आणि दार लावते. या पेशींची गाठ झाली असेल तर बहुतेक वेळा तीही आकसते. डोक्यातली गाठ शस्त्रक्रियेशिवाय, गोळीने लहान होते, ही वैद्यकातली विरळा घटना आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी अतिशय मोठ्या गाठींवरही औषधाचा असा गुण आल्याचे अनुभव प्रसिद्ध केले आहेत.

बाजरीच्या कणसातला दुवा

ही औषधे आली कुठून, याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी, जत हा कमी पावसाचा भाग. इथे बाजरी खाल्ली जाते. फुलोऱ्याच्या वेळी पाऊस आणि ढगाळ हवा राहिली तर बाजरीवर अरगट पडतो. कणसातून आधी चिकट मधासारखे थेंब गळतात, मग दाण्याच्या जागी काळपट, कठीण बुरशीपिंड तयार होतात. पेरणीपूर्वी बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून, बुडवायला कृषी खाते सांगते ते यासाठीच. हलके बुरशीपिंड वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे.

१९५८ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस’ या नियतकालिकात, तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटाची बाजरी खाल्ल्याने झालेल्या विषबाधेच्या साथीची नोंद प्रसिद्ध झाली. बाजरीच्या अरगटाची लक्षणे म्हणजे मळमळ, उलट्या, भोवळ आणि गुंगी. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, दक्षिण ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतून, आणखी एक निबंध आला. अरगट लागलेली बाजरी खाल्लेल्या डुकरिणींना पिल्ले झाली, पण दूधच आले नाही. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले तर आज आपल्याला काय दिसते? उलटी आणि आटलेले दूध. मेंदूतल्या उलटीच्या केंद्रातही डोपामीनचे ग्राही आहेत आणि पियूषिकेतही. अरगटातली द्रव्ये दोन्ही ठिकाणी बसतात. १९५९ साली हे कोणालाच ठाऊक नव्हते. डोपामीन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे, हे स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी त्याआधी एक-दोन वर्षेच दाखवायला सुरुवात केली होती. त्या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००० साली.

युरोपात राय या धान्यावर अशीच बुरशी पडते. तिच्यातल्या द्रव्यांची घडण बाजरीच्या अरगटातल्या द्रव्यांहून वेगळी असली तरी मूळ सांगाडा एकच असतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाणारे एर्गोमेट्रिन याच बुरशीतून १९३५ साली वेगळे करण्यात आले. १९५४ साली शेलेस्न्याक यांना असे दिसले की अरगटातील द्रव्यांमुळे उंदरांत गर्भधारणा बिघडते आणि त्यामागे प्रोलॅक्टिनचा संबंध असावा. या धाग्यावरून स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीत फ्ल्युकिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे द्रव्य शोधायला घेतले, की जे प्रोलॅक्टिन रोखेल पण गर्भाशय आणि रक्तवाहिन्या आवळणार नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रोमोक्रिप्टिन तयार झाले. १९७१-७२ मध्ये बाळंतपण नसताना दूध येणाऱ्या रुग्णांवर ते गुणकारी ठरल्याचे अहवाल ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आले. माणसाचे प्रोलॅक्टिन वाढीच्या संप्रेरकाहून वेगळे आहे आणि ते रक्तात मोजता येते, हेही याच सुमारास सिद्ध झाले. म्हणजे रोगाची मोजपट्टी आणि त्यावरचे औषध जवळजवळ जोडीने हाती आले.

माझा आक्षेप असा आहे. आपल्या अभ्यासक्रमात अरगट गेला शेतीशास्त्राकडे, प्रोलॅक्टिन गेले प्राणिशास्त्राकडे, डोपामीन गेले मेंदूच्या प्रकरणात, आणि औषधे कुठेच गेली नाहीत. प्रत्येक विषयाचे दार बंद आणि मधली भिंत जाड. जतच्या मुलाच्या घरातली बाजरी आणि त्याच्या आत्याची गोळी यांच्यात नाते आहे, हे त्याला सांगणारे एकही पान नाही. माहिती जास्त घाला, असे माझे म्हणणे नाही. आहे ती जोडा, एवढेच म्हणणे आहे.

‘आनंदाचे संप्रेरक’

आता वर्तमानपत्राचे सदर पाहू. इथे डोपामीन बहुधा ‘आनंदाचे संप्रेरक’ म्हणून भेटते. गाणे ऐका, डोपामीन वाढवा. चॉकलेट खा, डोपामीन वाढवा. हे वाचलेल्या नवऱ्याला कळते की आपल्या बायकोला डोपामीनसारखी गोळी दिली आहे. तो काय निष्कर्ष काढेल? एक तर ही मनाची गोळी आहे, म्हणजे बायकोचे डोके बिघडले आहे. नाही तर ही सुखाची गोळी आहे, म्हणजे तिची सवय लागेल. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि दोन्हींमुळे उपचार मध्येच सोडले जाऊ शकतात.

डोपामीन म्हणजे आनंद नव्हे. ते एक पत्र आहे, आणि त्याचा अर्थ ते कोणाच्या दारात पडते यावर ठरतो. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रात त्याचा अर्थ वेगळा. तिथे ते कमी पडले की कंपवात होतो. उलटीच्या केंद्रात वेगळा. हवेहवेसे वाटण्याच्या आणि सवयी लागण्याच्या यंत्रणेत वेगळा. पियूषिकेत त्याचा अर्थ फक्त ‘थांब’.

हा मुद्दा मुलांना पटला की दुष्परिणामांची यादी पाठ करावी लागत नाही, तिचा तर्क लावता येतो. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्त सगळीकडे जाते. म्हणून सुरुवातीला मळमळ होते. रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून एकदम उठल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येते. यासाठीच डॉक्टर अगदी लहान मात्रेपासून सुरुवात करतात आणि गोळी जेवणाबरोबर, रात्री झोपताना घ्यायला सांगतात. काही थोड्या लोकांत सवयींच्या यंत्रणेवर परिणाम होतो. पूर्वी नसलेला जुगाराचा नाद लागतो, बेसुमार खरेदी सुरू होते, कामवासना अनावर होते. हे लाजेपायी लपवले जाते आणि घरचे लोक माणसाच्या स्वभावाला दोष देतात. पूर्वी गंभीर मानसिक आजार झालेल्या व्यक्तीत तो आजार उसळू शकतो, कारण त्या आजारावरची बरीच औषधे डोपामीन अडवणारी असतात आणि ही गोळी नेमकी त्यांच्या विरुद्ध दिशेने ओढते. घरच्यांना हे आधी माहीत असेल तर ते वेळीच डॉक्टरांना सांगू शकतात. ‘आनंदाचे संप्रेरक’ या शब्दांनी ही वाट बंद होते.

सदरांमधला दुसरा लाडका शब्द म्हणजे ‘हार्मोन्स बिघडणे’. शिक्षकाने हा शब्द ऐकला की तीन प्रश्न विचारायची सवय मुलांना लावावी. कोणते? किती? का? यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो.

आकड्यामागचे ‘का’

बहुतेक प्रयोगशाळा स्त्रियांसाठी प्रोलॅक्टिनची वरची मर्यादा मिलिलिटरला २५ नॅनोग्रॅमच्या आसपास धरतात. समजा, आकडा ६० आला. लगेच गोळी सुरू करावी का?

आधी पाटाकडे परत जाऊ. पाणी जास्त वाहते आहे, याची कारणे किती असू शकतात? गर्भधारणा असेल तर पाणी वाढणारच, ते वाढायलाच हवे. ताण, नुकताच केलेला व्यायाम, शीर सापडेना म्हणून पुन्हा पुन्हा टोचलेली सुई, एवढ्यानेही आकडा थोडा चढतो. म्हणून किंचित वाढलेला आकडा पुन्हा तपासतात. अवटू ग्रंथी मंदावली असेल तर तिला हाकारण्यासाठी हायपोथॅलॅमस जो निरोप पाठवते, तोच प्रोलॅक्टिनलाही चेतवतो. अशा वेळी पियूषिका फुगून गाठीसारखी दिसूही शकते. तिथे उपाय थायरॉक्सिन, कॅबर्गोलिन नव्हे. मूत्रपिंडाच्या विकारातही प्रोलॅक्टिन साचते. काही व्यक्तींत ते प्रतिपिंडाला चिकटून रक्तात रेंगाळते. आकडा मोठा दिसतो, पण शरीरावर परिणाम जवळजवळ नसतो आणि उपचाराची सहसा गरज पडत नाही.

यापेक्षाही नित्याचे कारण म्हणजे दुसरी गोळी. उलटीवरचे डोमपेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारावरचे रिस्पेरिडोन, पोटाच्या तक्रारींवरचे लेव्होसल्पिराइड ही सर्व औषधे डोपामीनचे ग्राही अडवतात. पाटकऱ्याचे हातच बांधतात. यांतली डोमपेरिडोन आणि लेव्होसल्पिराइड आपल्याकडे आम्लपित्ताच्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात आणि ‘पित्ताची गोळी’ म्हणून महिनोन्‌महिने घेतली जातात. कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, पण जुनी चिठ्ठी किंवा रिकामे पाकीट दाखवून ती कशी मिळतात, हे आपण सगळे पाहतो.

आता चित्र पूर्ण होते. पित्ताच्या कॅप्सूलने प्रोलॅक्टिन वाढले. पाळी थांबली. रक्त तपासले. प्रोलॅक्टिन कमी करणारी गोळी आली. तिने मळमळ झाली. मळमळीवर पुन्हा डोमपेरिडोन आले. एक औषध दार लावते आहे, दुसरे उघडते आहे आणि बाई दोन्हींचे पैसे भरते आहे. ‘तुम्ही आणखी कोणती औषधे घेता?’ या एका प्रश्नाने हे चक्र तुटले असते. मात्र मानसिक आजारावरचे औषध या कारणाने स्वतःहून बंद करणे फार घातक असते. तो निर्णय ते औषध देणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

एक कारण याहून फसवे आहे. पियूषिकेजवळ वेगळ्याच प्रकारची गाठ असेल आणि तिने देठ दाबला, तर डोपामीन खाली पोहोचत नाही. पाटकरी हजर आहे, पण वाट अडली आहे. प्रोलॅक्टिन मध्यम वाढते. गोळी दिली की आकडा सुरेख खाली येतो, सगळे समाधानी होतात, आणि गाठ मात्र वाढत राहते. म्हणून कारण सापडत नसेल तर मेंदूचे एमआरआय चित्र आणि दृष्टीची तपासणी यांना महत्त्व आहे. डोकेदुखी आणि दोन्ही बाजूंचे दिसणे कमी होणे, म्हणजे चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागणे, ही लक्षणे आकड्यापेक्षा मोठ्याने बोलतात. आकडा सुधारणे आणि रोग सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विज्ञानाच्या शिक्षकाला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

खोक्यातली चिठ्ठी

तिसरे लिखाण म्हणजे औषधाबरोबर येणारी माहितीची चिठ्ठी. बारीक टाइप, इंग्रजी भाषा, आणि बहुधा वर असे वाक्य की ही माहिती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक, रुग्णालय किंवा प्रयोगशाळा यांच्याच उपयोगासाठी आहे. ज्याच्या पोटात गोळी जाणार, तो वाचक म्हणून पहिल्याच ओळीत बाद होतो.

चिठ्ठीत मजकूर भरपूर असतो. उणीव असते ती प्रमाणाची. शंभरात पन्नास जणांना होणारी मळमळ आणि क्वचित कोणाला होणारा गंभीर विकार एकाच वाक्यात, स्वल्पविरामाने जोडून येतात. वाचणारा एक तर घाबरून गोळी सोडतो, नाही तर सगळेच थोतांड समजून बेफिकीर राहतो.

प्रमाण म्हणजे काय, ते दोन उदाहरणांनी सांगतो. २००७ साली अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात दोन अभ्यास आले. कंपवातासाठी पर्गोलाइड किंवा कॅबर्गोलिन घेणाऱ्या रुग्णांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागण्याचे प्रमाण जास्त आढळले. कारणही कळले. ही द्रव्ये झडपांवरच्या सेरोटोनिनच्या एका ग्राहीलाही चेतवतात. पर्गोलाइड त्याच वर्षी अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले. ही बातमी ऐकून प्रोलॅक्टिनच्या रुग्णाने काय समजावे? कंपवातात कॅबर्गोलिन रोज काही मिलिग्रॅम दिले जात होते. प्रोलॅक्टिनसाठी बहुधा आठवड्याला अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरते. हा फरक कित्येक पटींचा आहे. त्यामुळे नेहमीच्या मात्रेत धोका फार कमी मानला जातो. मात्रा मोठी असेल किंवा उपचार अनेक वर्षे चालणार असतील, तर डॉक्टर हृदयाचा इको करून घेतात.

यातूनच चिठ्ठीतली सर्वांत महत्त्वाची, पण ठळक न केलेली सूचना पुढे येते. कॅबर्गोलिन शरीरात निम्मे उरायला ६० तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणून ते आठवड्यातून एकदा किंवा दोनदाच घ्यायचे असते. आपल्याकडे गोळी म्हणजे ‘सकाळ-संध्याकाळ’ अशी समजूत पक्की आहे. आठवड्याची गोळी रोज घेतली गेली तर मात्रा कित्येक पटींनी वाढते. ‘सोमवार आणि गुरुवार, रात्री जेवणानंतर’ एवढे पाच शब्द मराठीत पाकिटावर लिहिले तर चिठ्ठीच्या दोन पानांपेक्षा जास्त संरक्षण मिळेल.

दुसरे उदाहरण ब्रोमोक्रिप्टिनचे आहे. १९८० साली अमेरिकेत त्याला बाळंतपणानंतर दूध आटवण्यासाठी मान्यता मिळाली. मूल दगावलेल्या किंवा अंगावर पाजू न शकणाऱ्या स्त्रियांना ते दिले जाई. म्हणजे रोग नसलेल्या, तरुण, निरोगी बायकांना. पुढे रक्तदाब एकदम चढणे, आकडी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका अशा घटनांची नोंद होऊ लागली. अशा घटना थोड्या होत्या, पण दूध तर न पाजल्यास काही दिवसांत आपोआप आटते. मग एवढा धोका कशासाठी? १९९४ साली कंपनीने या उपयोगातून माघार घेतली आणि १९९५ च्या जानेवारीत सरकारी मान्यताही रद्द झाली. युरोपातही २०१४ साली हा वापर केवळ वैद्यकीय गरज असेल तेवढ्यापुरता मर्यादित करण्यात आला. औषध तेच, धोकाही तोच, पण एका ठिकाणी तो पत्करण्याजोगा आणि दुसरीकडे नाही. औषध सुरक्षित आहे का, हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणासाठी, कशासाठी, किती, आणि दुसरा उपाय काय, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नसते.

धोक्याविषयी एवढे लिहिल्यावर लाभही मोजून सांगायला हवा. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत प्रोलॅक्टिन वाढून पाळी बंद झालेल्या ४५९ स्त्रियांना कॅबर्गोलिन किंवा ब्रोमोक्रिप्टिन देण्यात आले. प्रोलॅक्टिन पूर्ववत झाले ते अनुक्रमे ८३ आणि ५९ टक्के स्त्रियांत. बीज सुटू लागले किंवा दिवस गेले ते ७२ आणि ५२ टक्के स्त्रियांत. त्रासामुळे औषध सोडावे लागले ते ३ आणि १२ टक्के जणींना. हे आकडे चांगल्या औषधाचे आहेत. योग्य निदान झालेल्या स्त्रीला ते घाबरवून नाकारणे हाही अन्याय ठरेल. या औषधाने बीज सुटू लागते, म्हणजे पाळी येण्याआधीही दिवस जाऊ शकतात, आणि दिवस गेल्याचे कळले की गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे ताबडतोब डॉक्टरांना विचारावे लागते. हेही चिठ्ठीत ठळकपणे यायला हवे. तसेच उपचार जन्मभराचे असतात असे नाही. दोनएक वर्षे प्रोलॅक्टिन काबूत राहिले आणि गाठ दिसेनाशी झाली तर बऱ्याच जणांत औषध हळूहळू कमी करून थांबवून पाहता येते. त्यानंतर रक्त मात्र तपासत राहावे लागते.

वर्गात काय करता येईल

पाठ्यपुस्तक बदलायची वाट पाहायला नको. तक्त्याला आणखी एक रकाना फळ्यावर आपण आखू शकतो: ‘कोण ढकलते, कोण रोखते?’ तो भरताना इन्सुलीन, थायरॉक्सिन, प्रोलॅक्टिन यांची गोष्ट सुरू होते. ‘प्रमुख ग्रंथी’ हा शब्द आला की ‘तिचा प्रमुख कोण?’ असे विचारावे. माण-खटाव, जत-आटपाडीच्या शाळांत खरिपाच्या आधी मिठाच्या पाण्याचा प्रयोग करावा. काळे पिंड हाताळल्यावर हात धुवावेत, तोंडात काही घालू नये, आणि ते पिंड जनावरांच्या पुढे न टाकता खोल पुरावेत. वर आलेल्या त्या पिंडांकडे बोट दाखवून डुकरिणींची आणि गोळीची गोष्ट सांगावी. वरच्या वर्गांत घरातल्या कोणत्याही साध्या औषधाची चिठ्ठी आणवून तिचे मराठीत दहा ओळींचे रूपांतर करायला द्यावे. कशासाठी, किती, केव्हा, कोणी घेऊ नये, कशाने डॉक्टरांकडे धावावे. हा विज्ञानाचाही अभ्यास आहे आणि भाषेचाही.

एक पथ्य पाळावे. वर्गात कोणाच्या घरातल्या आजाराची चौकशी नको, आणि औषध सुचवणे तर मुळीच नको. आपले काम प्रश्न शिकवण्याचे आहे.

तिन्ही लिखाणांचा निकाल द्यायचा तर असा देईन. पाठ्यपुस्तक खरे बोलते, पण अर्धे. वर्तमानपत्र गोड बोलते, पण भलतेच. चिठ्ठी सगळे बोलते, पण ऐकणाऱ्याकडे पाठ करून. त्या पंचविशीच्या स्त्रीला या तिघांपैकी कोणीही हे सांगितले नाही, की तिच्या शरीरात एक दार उघडे राहिले आहे, ते का उघडे राहिले हे आधी पाहायचे आहे, आणि मग ते लावणारी एक जुनी, ओळखीची गोळी आहे. एवढे सांगायला चार वाक्ये पुरतात. ती वाक्ये तिची धाकटी बहीण शाळेतून घरी घेऊन जाऊ शकते.